भुतांचे संसार मांडणारा

मुंबईत चित्रकार पोत्याने सापडतील, पण भुतांचे संसार मांडून देणारा चित्रकार सबंध लालबाग-परळात एकच आहे आणि तो माझा शेजारी आहे. शेजारी म्हणजे माझ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकींचा मुलगा. चाळिशी उलटलेली, डोक्यावर केस बेताचे, हनुवटीवर मात्र हवे तेवढे, आणि अंगात बारा महिने तोच रंगांनी माखलेला सदरा. तो धुतलेला असतो असं काकी शपथेवर सांगतात, म्हणून मी मान्य करते. हा गृहस्थ पोथ्यापुराणांतले आणि गावाकडच्या गोष्टींतले झाडून सगळे विचित्र जीव काढतो. मुंजे काढतो, हडळी काढतो, मकर काढतो, दोन डोक्यांचे पक्षी काढतो. पण ह्याच्या चित्रातली भुतं कुणाला म्हणून घाबरवत नाहीत. ती कुकर लावतात, एकमेकांच्या डोक्याला तेल चोळतात, मेथी निवडतात, एकमेकांची औषधं वेळेवर देतात. आणि हटकून प्रेमात पडलेली असतात, तीही बहुतेक वेळा लोकांच्या मते ज्याच्या पडायला नको त्याच्याच.

ह्याचं कारण त्याने मला फार पूर्वी चाळीच्या जिन्यात सांगितलं होतं. मी बाजारातून पिशवी घेऊन चढत होते, तो उतरत होता. ‘ताई,’ तो म्हणाला, ‘मला मुली आवडत नाहीत, मुलगे आवडतात. आणि तुमची कोथिंबीर पडतेय.’ मी आधी कोथिंबीर उचलली. मग त्याच्याकडे बघितलं, तर स्वारी दोन पायऱ्या खाली जाऊन माझ्या तोंडाकडे बघत उभी. आयुष्यभर सरकारी कचेरीत काढलेली बाई मी, तोंडावर काही दिसू न देण्याची सवय आहे. तरी त्या दिवशी ती किती उपयोगी पडली कोण जाणे. ‘बरं,’ एवढंच मी म्हटलं, आणि चहाला ये म्हणून सांगितलं. तो आला, आणि चहाबरोबर त्याने मला मकराची कथा ऐकवली. सोंड हत्तीची, जबडा मगरीचा, शेपूट माशाची. ‘आजपर्यंत कुणी विचारलं त्याला, की बाबा रे, तू नक्की कोण? गंगा बिनधास्त बसते की नाही त्याच्यावर? मग आम्हालाच का विचारतात?’ जे कुठल्या रकान्यात बसत नाहीत ते सगळे त्याच्या मते त्याचे नातेवाईक. आपल्या जुन्या लोकांनी असे इतके जीव कल्पून ठेवले, ते काय उगाच, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, असेल बाबा, बिस्कीट घे.

त्याचा कारखाना पोटमाळ्यावर. तिथे ताठ बसता येत नाही, म्हणून तो पालथा पडून चित्रं काढतो, आणि चित्र अडलं की वरून खाली मुंडकं काढून जो कोणी दिसेल त्याला प्रश्न विचारतो. प्रश्न कलेविषयी असेल तर शपथ. हडळीचे पाय उलटे. मग ती घरात शिरताना चपला दाराबाहेर काढते तेव्हा त्यांची तोंडं कुठल्या बाजूला असतात? ह्या एका प्रश्नावर त्याने अख्खा गणपतीचा महिना खाल्ला. शेवटी नाक्यावरच्या चांभाराला जाऊन विचारलं. चांभारानेही हसण्यावारी नेलं नाही. पाय आणल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणाला. मुंज्याचंही तसंच. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी मेलेल्या पोराचं भूत. लग्न राहिलं म्हणून पिंपळावर बसून लोकांना छळतं, असं आपण ऐकत आलो. ह्याला ते मुळातच मान्य नाही. ‘लग्न हवंय म्हणून त्याने कुणाला सांगितलंय, ताई? सगळं गाव परस्पर ठरवून मोकळं.’ त्याच्या चित्रातला मुंजा पिंपळावर चांगला बाप्या झालेला आहे, आणि शेजारच्या वडावरच्या खवीसाशी त्याचं जमलेलं आहे. दोन झाडांच्या मध्ये दोरी बांधून दोघांचे कपडे वाळत घातलेत. खवीसाची बनियन फाटकी आहे. ती का, म्हणून मी विचारलं, तर म्हणे खवीस बनियन घ्यायला कंटाळतो, मुंजा रोज बोलतो त्याला. चित्र मी परत बघितलं, आणि खरंच, मुंज्याचं तोंड बोलून बोलून दमल्यासारखं होतं.

आणखी एक खोड म्हणजे चेहरे. भुतांना तो चेहरे चाळीतले देतो आणि कुणाची परवानगी घेत नाही. तळमजल्यावरच्या पोस्टमनना त्याने वेताळ केलं, ते खूश झाले, कारण वेताळ म्हणजे भुतांचा राजा. मला त्याने जखीण केलं. साडी माझी, चष्म्याची साखळी माझी, आणि ही जखीण एका हडळीबरोबर परळच्या खोलीत राहते, दोघी मिळून जेवणाचे डबे देतात, आणि गावाला त्या नुसत्या मैत्रिणी वाटतात. मी कित्येक दिवस त्याच्याशी बोलले नाही. आमच्या ह्यांनी ते चित्र चष्मा पुसून नीट बघितलं आणि ‘नाक जमलंय,’ एवढाच शेरा दिला, त्यामुळे ह्यांच्याशीही बोलले नाही. पण खरं सांगू? ती जखीण हडळीकडे ज्या नजरेने बघतेय ना, तसं मी आयुष्यात कुणाकडे बघितलं असेल तर बरं, असं मनात आल्याशिवाय राहिलं नाही. मग मुकाट्याने एक प्रत मागून घेतली.

त्याचा मित्र दर रविवारी यायचा. गोदीत काम करणारा, उंचापुरा, कमी बोलणारा गडी. माझगावला राहतो म्हणून अख्खी चाळ त्याला माझगावकर म्हणायची. येताना भाऊच्या धक्क्यावरून मासे आणायचा, आणि नुसते आणायचा नाही, साफ करून द्यायचा, त्यामुळे काकी त्याच्यावर बेहद्द खूश. त्याचं घर बौद्ध. देव, नवस, अंगारा काही मानत नाही. पण ते सांगायची पद्धत अशी, की समोरच्याला वाईट वाटू नये. काकींनी नारळाचा प्रसाद पुढे केला की म्हणायचा, ‘मी नाही घेत, काकी. बांगडा द्या.’ काकी हसायच्या. हा आपल्या मुलाचा मित्र, एवढंच त्यांना ठाऊक. बाकी चाळीला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं ते मी सांगत नाही. चाळीला सगळंच ठाऊक असतं, फक्त ज्याचं त्याला विचारायचं नसतं.

तर ह्या चित्रकार महाभागाने एकदा स्वतःचंच चित्र काढलं. तिकडे काकींच्या मालवणाकडे गावाच्या सीमेवर देवचार असतो. गावाचा राखणदार. रात्रभर हातात काठी घेऊन सीमेवरून फेऱ्या मारतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या चपला वाहतात, विडी ठेवतात. प्रत्येक गावाचा देवचार वेगळा आणि कुणी आपली सीमा ओलांडायची नाही. ह्याने काढलं ते असं: दोन शेजारच्या गावांचे दोन देवचार फेऱ्या मारता मारता सीमेच्या धोंड्यावर टेकलेत, एकाच विडीवर दोघांचं चाललंय, आणि दोघांनी एकेक चप्पल बदलून घेतलीय. इकडच्याचा चेहरा ह्याचा, तिकडच्याचा माझगावकराचा. चित्र दारासारखं मोठं. पोटमाळ्यावर मावेना, म्हणून काच लावून तात्पुरतं खाली खोलीत भिंतीला लावलं. काकी तेव्हा शिमग्याला गावी गेल्या होत्या. त्या यायच्या आत काढू, असा बेत. पण ह्याचे बेत म्हणजे आनंदच. काकी एक दिवस आधीच आल्या, हातातली फणसाची पिशवी उंबऱ्यावर ठेवली, आणि चित्राकडे बघून त्यांनी हात जोडले.

‘हो आमच्या सीमेवरचो,’ त्या म्हणाल्या, ‘आणि हो माझ्या म्हायेरचो. दोघांका एकत्र बसवलंस? बरा केलंस, बाबू.’

काकींचं सासर आणि माहेर शेजारशेजारची गावं. आता त्यांना दोन्हीकडचे राखणदार घरबसल्या भेटले होते. चपला उलटसुलट का, असं त्यांनी विचारलं खरं, पण उत्तरही स्वतःच दिलं, की काळोखात अदलाबदल झाली असेल. हा बिचारा पोटमाळ्याच्या शिडीवर एक पाय ठेवून उभा. तोंड उघडायच्या आत काकींनी नारळ फोडला. संध्याकाळी उदबत्ती लागली, विडी ठेवली गेली. आणि मग काकींनी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून आपलं मागणं मोठ्याने सांगायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ते खरं पुरुषांचं काम. काका गिरणीत होते, तेव्हा चाळीतलं प्रत्येक गाऱ्हाणं तेच घालायचे, आवाज नाक्यापर्यंत जायचा. काका गेल्यावर मुलगा तर पोटमाळ्यावर, म्हणून काकींनी ते काम स्वतःकडे घेतलं आणि कुणाची हूं म्हणून बोलायची छाती झाली नाही. आता त्या रोज संध्याकाळी चित्रासमोर उभ्या राहायच्या आणि मुलासाठी मागायच्या, माझ्या झिलाचा लगीन होवंदे म्हाराजा. आम्ही शेजारी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचो. समोर चित्रात तो झील आणि त्याचा माणूस एक विडी ओढत बसलेले. हसावं की रडावं, मला कळेना. मी भिंतीकडे तोंड करून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत असे.

बघता बघता देवचारांचा लौकिक वाढला. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला नोकरी लागली, पोस्टमनची हरवलेली छत्री सापडली, आणि लोक विड्या घेऊन येऊ लागले. एरवी हा सगळा प्रकार त्याने मजेत घेतला असता. पण खोताच्या वाडीत एका मैत्रिणीच्या लाकडी घरात त्याच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं होतं, आणि मधल्या दालनाची भिंत ह्याच चित्रासाठी राखून ठेवली होती. चित्राखाली तो लिहिणार होता, सरळ, की हे आम्ही दोघं. तिथे ओळखीपाळखीचे येणार, फोटो काढणार, आणि ते काकींच्या कानावर परक्याकडून गेलं असतं, ते त्याला नको होतं. बरं, नुसतं चित्र तरी गुपचूप न्यावं, तर काकी हलवू देईनात. ‘देवचार काय माळ्यावरची बॅग असा, वाटात तेव्हा उतरवूक?’ देवाला हलवायचं तर आधी कौल लावायचा, आणि कौल कधी लावायचा, तर मागणं पुरं झाल्यावर. आधी लगीन, मग तो कुठे जाईल तिथे जाऊ दे. मुलगा माझ्याकडे येऊन बसला. ताई, तुम्ही सांगा ना आईला. मी म्हटलं, भुतांची लग्नं बिनदिक्कत लावतोस, स्वतःचं सांगायला वकील कशाला पाहिजे? आई दुरावली तर, एवढी एकच भीती त्याला होती. बाकी जगाचं त्याने कधीच सोडून दिलं होतं.

सांगितलं त्याने. दुपारची वेळ, काकी तांदूळ निवडत होत्या, मी समोर होते कारण त्याने मला उठू दिलं नाही. तो चित्राजवळ गेला आणि बोट ठेवून म्हणाला, आई, हा इकडचा मी आहे. काकी म्हणाल्या, तुझो चेहरो असा, ता माका दिसता. हा तिकडचा माझगावकर. तेचो पण दिसता. ‘आई, हे नुसते बसलेले नाहीत. हे एकमेकांचे आहेत. आम्ही दोघं एकमेकांचे आहोत. कितीतरी वर्षं.’

काकींचा तांदळातला हात थांबला. त्यांनी चित्राकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘मगे मी इतके दिवस गाऱ्हाणा कोणाक घातलंय?’

काकींनी ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. काकी मुलाला जेवायला वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. उदबत्ती बंद. विड्या घेऊन येणाऱ्यांना दारातूनच सांगायच्या, देव सुट्टीर असा. रविवारी माझगावकर आला नाही, मुलानेच येऊ नको म्हणून कळवलं होतं. पोटमाळ्यावरून मुंडकं निघेना, प्रश्न येईनात. आपल्याला त्याची एवढी सवय झाली आहे हे मला तेव्हा कळलं. मग एका संध्याकाळी काकी गॅलरीत माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि रस्त्याकडे बघत म्हणाल्या, बाबूक डेंग्यू झालो होतो, तेव्हा रात्री इस्पितळात कोण बसलो होतो? मी म्हटलं, तुम्हाला माहीत आहे काकी. हो, म्हणाल्या, माका घराक पाठवल्यान, झोपा म्हणालो. तेव्हा माका वाटला, मित्र असो असूचो. मग म्हणाल्या, आमच्याकडे म्हातारे सांगायचे, दोन सीमांचे देवचार भांडले तर दोन्ही गावांची गुरं वाट चुकतात. दोघांचं पटत असलं तर बरं असतं. अशा वेळी बोललं की बिघडतं, एवढं मला कचेरीने शिकवलंय.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी काकी न्हाऊन काठाची साडी नेसल्या आणि मुलाला म्हणाल्या, माझगावकराक बोलव. किती दिवसांनी त्याच्याशी बोलल्या, आणि तेही एवढंच. माझगावकर आला, तोंड उतरलेलं. काकींनी मला आणि ह्यांनाही हाक मारली, दार लावून घेतलं आणि पंखा बंद करायला लावला, कारण कौल लावायचा होता. शेवंतीच्या दोन पाकळ्या ओल्या करून त्यांनी चित्राच्या काचेवर चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर देवाची परवानगी, डावी पडली तर नकार. आम्ही सगळे त्या उकाड्यात घामाघूम होऊन पाकळ्यांकडे बघत उभे. माझगावकर, ज्याचा ह्यातल्या कशावरही विश्वास नाही, तो सगळ्यांत जास्त निरखून बघत होता. इतक्यात डावी पाकळी जराशी सरकली. मुलाने डोळे मिटून घेतले. काकींनी त्या पाकळीकडे असं काही बघितलं, की मी पाकळी असते तर मीही जागची हलले नसते. ‘नीट इचार कर म्हाराजा,’ त्या म्हणाल्या. डावी तिथेच अडकली. आणि उजवी सुटून खाली पडली.

मग काकींनी पदर खोचला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. दोनय सीमांच्या राखणदारा म्हाराजा, आज तुका हलवतंय, तेचो राग मानू नको. आम्ही म्हटलं, व्हय म्हाराजा. काय चुकला माकला असात तर पदरात घे. व्हय म्हाराजा. मग रोजचं मागणं यायची जागा आली आणि काकी अडल्या. आम्हीही अडलो. त्यांनी मुलाकडे बघितलं.

‘हो माझो झील,’ त्या म्हणाल्या. मग माझगावकराकडे वळल्या. ‘आणि हो... हो आमच्या घरचो माणूस. हे दोघे एकमेकांचे झाले असत. तेंका म्हातारपणापर्यंत एकमेकांची सोबत दे म्हाराजा. तेंच्या वाटेत जो कोण आडवो येयत, तेका तू बघून घे म्हाराजा.’

आमचे हेच काय ते ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. काकी मात्र माझगावकराच्या उत्तरासाठी थांबून होत्या. तो देवाला महाराजा म्हणणारा नव्हता, आणि खोटं बोलणाराही नव्हता. त्याने काकींकडे बघितलं आणि हळू म्हणाला, ‘हो, आई.’

काकींनी मुलाच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि टॅक्सी बोलवायला सांगितली.

ते दोघं चित्र सांभाळत पुढे गेले. मी काकींना धरून जिना उतरत होते. पहिल्याच वळणावर त्यांनी तक्रार केली, व्हय म्हाराजा म्हणूक नाय तो. मग आणखी एक पायरी उतरल्यावर म्हणाल्या, पण आई म्हणालो. खालच्या मजल्यावर दम खायला थांबल्या, कठड्याला हात लावून.

‘बाबूचो बापूस आज असतो,’ त्यांनी मला विचारलं, ‘तर व्हय म्हाराजा म्हणालो असतो?’

काकांचा तो नाक्यापर्यंत जाणारा आवाज मला आठवत होता. म्हणाले असते, असं सांगून टाकावं, असं ओठांवर आलं होतं, पण काकींनीच मान हलवली.

‘नसतो म्हणालो,’ त्या म्हणाल्या. ‘बरो माणूस होतो. पण नसतो म्हणालो.’

पदराने त्यांनी डोळे पुसले आणि उरलेल्या पायऱ्या उतरू लागल्या. खाली टॅक्सीचं दार उघडून माझगावकर उभा होता. त्याने हात पुढे केला, आणि काकींनी तो धरला.